लॅपटॉप विकला, किल्ली कुणाकडे?



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आणखी वर्षभर सुरक्षेपुरती मुदतवाढ घेण्याची सोय ठेवली, पण निरोप स्पष्ट होता: विंडोज ११ वर या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, बॅटरी बदलली की दोन तास चालणारा लॅपटॉप कागदोपत्री म्हातारा झाला. आम्ही निवृत्त फौजी मंडळी नोएडात राहतो. इथे घराघरात असा एखादा लॅपटॉप आहे, आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न आहे. याचं करायचं काय?

जाणकार मुलं सांगतात, "काका, लिनक्स टाका." सल्ला चांगला आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीने तसं करायला वाट मोकळी ठेवली आहे का? वाय-फाय चालेल का? बायोसमध्ये शिरता येईल का? डिस्क दिसेल का? हे लिनक्सच्या हातात थोडं आणि यंत्र बनवणाऱ्याच्या हातात बरंच असतं. म्हणून लिनक्सची मंडळी लॅपटॉप कंपनीला फक्त किंमत आणि वेग यांवर तोलत नाहीत. ती तिची नीतीही तोलतात.

ही तोलण्याची सवय आली कुठून आणि आपल्या दिल्ली परिसरात तिचा इतिहास काय, हा आजचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. लॅपटॉपच्या पेटीवर कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव छापलंय, यावरून कंपनीचा मोकळेपणा कळत नाही. यंत्र विकल्यानंतर त्याची किल्ली कुणाच्या खिशात राहते, यावरून तो कळतो. आणि दिल्लीने गेल्या पन्नास वर्षांत अनेक यंत्रं विकत घेतली, पण किल्ली मागायची मात्र फार क्वचित आठवण ठेवली.

भांडण एका प्रिंटरवरून सुरू झालं

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद वारंवार अडकायचा. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना एवढंच हवं होतं, की कागद अडकला की वापरणाऱ्यांना संगणकावर निरोप जावा. आधीच्या प्रिंटरला त्यांनी तशी सोय केली होती. पण या नव्या यंत्राचा मूळ प्रोग्राम, म्हणजे सोर्स कोड, त्यांना मिळेना. तो ज्यांच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या गृहस्थांनी नकार दिला, कारण गुप्ततेच्या करारावर त्यांची सही होती.

लक्षात घ्या, ठिणगी पडली ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या बंद कुलपावरून. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याचा गाभा सोपा आहे. प्रोग्राम वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र दुसऱ्याला देताना त्यालाही हेच हक्क द्या. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

पण कंपन्याही हुशार असतात. टिवो नावाचा टीव्ही कार्यक्रम मुद्रित करणारा डबा अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्यात लिनक्स होतं. कंपनीने परवान्याप्रमाणे सोर्स कोडही दिला. पण तो बदलून डब्यात घातला तर डबा सही तपासायचा आणि बदललेला प्रोग्राम चालवायलाच नकार द्यायचा. पुस्तक तुमचं, कपाट तुमचं, कुलूप कंपनीचं. यावरून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली आणि तिने घरगुती यंत्रांत अशी कुलपं घालायला बंदी केली. टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्याने यंत्र बनवणाऱ्याला हुकूम सोडू नयेत, असं त्यांचं मत. त्यामुळे लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्या आवृत्तीवरच आहे.

म्हणजे लिनक्सच्या घरातही या प्रश्नावर एकमत नाही. पण प्रश्न काय आहे, यावर एकमत आहे. कोड देणं आणि किल्ली देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाड्याच्या यंत्रापासून स्वतःच्या यंत्रापर्यंत

आता दिल्लीत येऊ. साठ-सत्तरच्या दशकांत भारतात मोठा संगणक म्हणजे बहुधा आयबीएम. ही यंत्रं कंपनी भाड्याने द्यायची. बाहेरच्या जगात जुनं झालेलं १४०१ हे मॉडेल इथे दुरुस्त करून भाड्याने दिलं जायचं, आणि त्यावर तेव्हा टीकाही झाली. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, भाडं मात्र आपलं. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, कंपनीने भारतातला कारभार आवरला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.

यातून एक धडा मिळाला. यंत्र विकणारा उठून गेला तरी आपल्याला ते चालवता आलं पाहिजे. फौजेत हे वेगळं शिकवावं लागत नाही. कुठलंही साधन घेताना पहिला प्रश्न असतो, सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीची पुस्तिका बरोबर आहे का? नसेल तर ती तोफ नव्हे, शोभेची वस्तू.

त्याच काळात दिल्लीच्या डीसीएम कंपनीच्या संगणक विभागातून शिव नाडर आणि त्यांचे काही सहकारी बाहेर पडले. आधी त्यांनी कॅल्क्युलेटर विकले आणि १९७६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या भागीदारीत हिंदुस्तान कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजे एचसीएल, उभी राहिली. योगायोग पाहा, नोएडा शहराची स्थापनाही १९७६ चीच. १९७८ मध्ये एचसीएलने ८सी हा मायक्रोप्रोसेसरवरचा संगणक आणला. ऐंशीच्या दशकात बँकांचं संगणकीकरण सुरू झालं, तेव्हा युनिक्सवर चालणारी भारतीय बनावटीची यंत्रं मोठ्या प्रमाणावर लागली आणि युनिक्स जाणणाऱ्या अभियंत्यांची एक पिढी या देशात तयार झाली. लिनक्स हे युनिक्सच्या वळणाचं. म्हणून नव्वदच्या दशकात लिनक्स आलं तेव्हा ते इथल्या अभियंत्यांना परकं वाटलं नाही.

इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून रडतखडत चालायचं. लिनक्ससारखी अख्खी प्रणाली त्यावरून उतरवून घेणं अशक्यच. ती उणीव दिल्ली परिसरातूनच निघणाऱ्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाने भरून काढली. अंकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. अतुल चिटणीस यांच्यासारख्या जाणकारांनी त्यासाठी खूप खटाटोप केला. लहान गावातल्या किती तरी मुलांना लिनक्सचं पहिलं दर्शन त्या सीडीने घडवलं. इथे मोकळेपणा मासिकाचा होता, यंत्र बनवणाऱ्याचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

नऊ हजार नऊशे नव्वद रुपयांचं लिनक्स

यंत्र बनवणाऱ्याची पाळी आली २००५ मध्ये. एचसीएलने दहा हजारांच्या आतला संगणक बाजारात आणला. किंमत ९,९९० रुपये, आत लिनक्स. मध्यमवर्गीय घरात संगणक यावा म्हणून केलेला तो मोठा प्रयत्न होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पुढे २००७ च्या अखेरीस तैवानच्या आसूस कंपनीने ई-पीसी हा सात इंची पडद्याचा छोटा लॅपटॉप लिनक्स घालून आणला आणि जगभर लाट आली. २००८ च्या सुरुवातीला एचसीएलनेही मायलीप मालिकेतला छोटा लॅपटॉप १३,९९० रुपयांना लिनक्ससह काढला.

मग झालं काय? जगात झालं ते असं, की लिनक्सवरचे छोटे लॅपटॉप खपताहेत हे पाहून मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच विंडोज एक्सपीची मुदत खास अशा स्वस्त यंत्रांसाठी वाढवली. थोड्याच काळात बहुतेक छोट्या लॅपटॉपवर एक्सपी आलं.

दिल्लीत झालं ते नेहरू प्लेसला. ज्यांनी त्या काळी तिथे खरेदी केली त्यांना वेगळं सांगायला नको. स्वस्त यंत्र लिनक्स किंवा डॉस घालून घ्यायचं, बिलावर तीच किंमत, आणि वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या गाळ्यात शे-दोनशे रुपयांत 'ओरिजिनलसारखं' विंडोज टाकून घ्यायचं. लिनक्स म्हणजे किंमत खाली आणण्याची युक्ती, एवढाच अर्थ गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्का झाला. 'लिनक्सवालं मशीन' म्हणजे 'अजून काही न टाकलेलं मशीन'.

यात बेईमानी कुणाची? चोरीचं विंडोज टाकणाऱ्या दुकानदाराची तर आहेच, घेणाऱ्याचीही आहे. पण यंत्र बनवणाऱ्यांच्या अख्ख्या बाजाराकडेही थोडा दोष जातो. जी वस्तू तुम्ही फक्त किंमत कमी दिसावी म्हणून देता, तिच्याबद्दल तुम्ही कुणाला काही शिकवत नाही. मोडेम चालला नाही, प्रिंटर दिसला नाही, मराठी किंवा हिंदी टाइप कसं करायचं कळलं नाही, की गिऱ्हाईक म्हणणार, "हे काढा आणि विंडोज टाका."

खरं तर आपल्या भाषांचं काम लिनक्समध्ये मनापासून झालं होतं. रेड हॅट कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. पुण्यातल्या अभियंत्यांचा त्यात मोठा हात होता. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून असतो. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली आणली. शिधा तयार होता, भांडी तयार होती, पण वाढणारं कुणी नव्हतं.

एचसीएलचा हिशेब मी असा मांडतो. किमतीला पूर्ण गुण. लिनक्स पेटीत घालण्याच्या धाडसाला चांगले गुण. पण पेटी उघडल्यावर हात धरून चालवणारी व्यवस्था घरोघर उभी राहिली नाही. २०१३ मध्ये कंपनीने संगणक बनवण्याचा धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं, आणि त्या यंत्रांची आठवण 'स्वस्त होती' यापलीकडे फारशी उरली नाही.

गाझियाबादच्या मुलांचा लॅपटॉप

त्याच २०१३ मध्ये आमच्या शेजारी, म्हणजे गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरसह सगळ्या उत्तर प्रदेशात, एक वेगळाच प्रयोग झाला. अखिलेश यादव यांच्या सरकारने बारावी उत्तीर्ण मुलामुलींना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. पंधरा लाख लॅपटॉपचं काम एचपी कंपनीला मिळालं. एकाची किंमत १९,०५८ रुपये. म्हणजे २,८५० कोटींहून मोठा व्यवहार. यंत्रांत विंडोजबरोबर लिनक्सही होतं.

कागदावर सगळं उत्तम. पण लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यांची छायाचित्रं यायची. ती काढायचा प्रयत्न केला तर यंत्रच बंद पडतं, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या. विनोद म्हणून लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं कमी दिसतं. अठरा वर्षांच्या मुलीला सरकार म्हणतं, हे यंत्र तुझं. ती पडद्यावरचं चित्र बदलायला जाते आणि यंत्र तिला सांगतं, नाही, तुझं नाही. टिवोच्या डब्याची कथा आणि ही कथा एकच आहे. आत लिनक्स होतंच की. पण किल्ली लखनौला होती.

राज्य कुठल्या पक्षाचं होतं यावर हे अवलंबून नाही. अशा योजना अनेक पक्षांच्या अनेक राज्यांनी केल्या आहेत, आणि यंत्रावर नेत्याचा फोटो लावायचा मोह सगळ्यांना झाला आहे. प्रश्न कंपनीलाही विचारला पाहिजे. गिऱ्हाईक सरकार असलं तरी वापरणारं मूल आहे. त्याच्या हातात बंद डबा देणं कंपनीच्या नीतीत बसतं का?

याच्या उलट उदाहरण केरळचं. तिथे २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल' कार्यक्रम सुरू झाला आणि काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. यंत्रं तीच, कंपन्याही त्याच. फरक एवढाच, की केरळने आधी शिक्षक तयार केले. मास्तरांना लिनक्स येत होतं म्हणून मुलांना आलं. कंपनीने किल्ली दिली तरी ती फिरवणारा हात लागतो. तो हात तयार करणं कंपनीचं नव्हे, समाजाचं काम आहे. दोष वाटताना हेही विसरू नये.

एकाच कंपनीचे दोन चेहरे

आतापर्यंतची उदाहरणं घरची. पण आज आपल्या टेबलांवर जी यंत्रं आहेत त्यांतली बरीच लेनोवोची आहेत, म्हणून तिचा हिशेबही पाहू. कंपनी मूळ चीनची. २००५ मध्ये तिने आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा धंदा विकत घेतला आणि थिंकपॅड हा लिनक्स मंडळींचा लाडका लॅपटॉप तिच्या घरी आला. लाडका अशासाठी, की तो उघडता येतो, भाग बदलता येतात आणि दुरुस्तीच्या पुस्तिका कंपनी सर्वांना देते.

या कंपनीची उधारीची बाजू अशी. २०१४ च्या सप्टेंबरपासून तिने घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आधीच घालून विकला. त्यासाठी तिने यंत्राच्या सुरक्षेलाच भोक पाडलं. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारं कुलूपबंद बोलणंही मध्ये कुणी ऐकू शकेल, अशी स्थिती झाली, कारण सगळ्या यंत्रांत एकच गुप्त किल्ली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला, कंपनीने माफी मागितली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी व ३२ राज्यांशी तडजोड झाली. त्यात राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले. थिंकपॅडमध्ये सुपरफिश नव्हतं.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. काही मॉडेलांत विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं तरी कंपनीचा प्रोग्राम फर्मवेअरमधून पुन्हा उगवायचा. फर्मवेअर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याही खालचा, यंत्राच्या चिपमध्ये बसलेला प्रोग्राम. घर धुऊन काढलं तरी पायातून ओल यावी तसं. आणि २०१६ मध्ये योगा मालिकेतल्या एका लॅपटॉपवर लिनक्स टाकायला गेलेल्यांना डिस्कच दिसेना, कारण ती दिसण्यासाठी लागणारा पर्याय बायोसमधून काढलेला होता. लिनक्स मुद्दाम अडवत नाही, असं कंपनीने सांगितलं. पण ओरड झाल्यावर काही आठवड्यांत लिनक्ससाठी वेगळं बायोस तिला द्यावं लागलं.

आता जमेची बाजू. २०१८ मध्ये लेनोवो लिनक्सच्या सार्वजनिक फर्मवेअर सेवेत सामील झाली, म्हणजे लिनक्स वापरणाऱ्यालाही बायोस सुधारता येऊ लागलं. २०२० मध्ये तिने फेडोरा आणि उबुंटू घातलेले थिंकपॅड कंपनीकडूनच विकायला घेतले.

मग कंपनी चांगली की वाईट? असा एका शब्दाचा निकाल मागणाऱ्याला मी सांगतो, सैन्यात अधिकाऱ्याचा वार्षिक अहवालही एका शब्दात लिहीत नाहीत. इतिहास एवढंच दाखवतो, की ही कंपनी पकडली गेल्यावर सुधारली. आणि पकडणारे बहुतेक स्वतंत्र तज्ज्ञ आणि चिकाटीचे वापरकर्ते होते. कंपनीची नीती ही बऱ्याच अंशी तिच्या गिऱ्हाइकांच्या जागरूकतेची सावली असते.

साउथ ब्लॉकचा संगणक

हाच प्रश्न देशाच्या पातळीवर गंभीर होतो. २००६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १६,००० लेनोवो संगणक घेतले आणि तिथल्या संसदेत आक्षेप आल्यावर ते गोपनीय कामाला वापरणार नाही, असं जाहीर केलं. आपल्याकडे गलवाननंतर, २३ जुलै २०२० रोजी, सरकारी खरेदीच्या नियमांत बदल झाला. भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतल्या बोली लावणाऱ्यांना आधी नोंदणी करून मंजुरी घेणं बंधनकारक झालं.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन बातम्या लागोपाठ आल्या. ३ तारखेला लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली गेली. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलली आणि नोव्हेंबरपासून तिची जागा ऑनलाइन नोंदीच्या व्यवस्थेने घेतली. दुसरी बातमी, संरक्षण मंत्रालय साउथ ब्लॉकमधल्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी 'माया' ही प्रणाली आणणार. डीआरडीओ, सी-डॅक आणि एनआयसी यांनी मिळून ती घडवली, उबुंटूच्या पायावर.

या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. पण दोन गोष्टी बोलायला हव्यात. एक, मायाचा पाया उबुंटू, उबुंटूचा पाया डेबियन. 'स्वदेशी' म्हणताना हे नाव घेणं हाही मोकळेपणाचाच भाग आहे. ज्याच्या विहिरीचं पाणी पितो त्याचं नाव सांगायला लाजू नये. दोन, माया ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फर्मवेअर नव्हे. तिच्याखालचा बायोस आणि इंटेल किंवा एएमडीच्या चिपमधला बंद प्रोग्राम कंपनीचाच राहतो. दारावर आपला पहारेकरी उभा केला, छान. तळघराची किल्ली मागितली का? आयातीच्या अटींनी यंत्र कुठे जोडलं हे बदलतं. त्यात काय आहे हे वाचायचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. नोएडात किंवा मानेसरला जोडलेला लॅपटॉपही तितकाच बंद असू शकतो.

नीती कुठपर्यंत?

अगदी अलीकडचं एक उदाहरण. फ्रेमवर्क ही अमेरिकी कंपनी भारतीय वंशाच्या नीरव पटेल यांनी काढली. तिचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला. एका पेचकसाने उघडणारा, प्रत्येक भाग बदलता येणारा, नवा बोर्ड जुन्याच सांगाड्यात बसणारा. लिनक्स मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच मंडळींतले अनेकजण तिच्यावर रागावले. कारण यंत्रातला दोष नव्हता. कंपनीने हायपरलँड आणि ओमार्ची या दोन लिनक्स प्रकल्पांना पाठिंबा दिला, आणि त्यांच्या कर्त्यांची मतं किंवा वर्तन अनेकांना आक्षेपार्ह वाटत होतं. आमचा तंबू मोठा आहे, त्यात सगळ्यांना जागा आहे, असं पटेल यांचं उत्तर होतं. काहींना ते पटलं, काहींनी पाठ फिरवली.

माझं मत असं. कंपनी पैसा कुणाला देते हे विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे आणि न पटल्यास दुसरीकडे जाण्याचाही आहे. पण तराजूची दोन पारडी वेगळी ठेवावीत. कंपनी कुणाबरोबर उभी आहे, हे एक. कंपनीने तुमच्या हातात काय दिलं, हे दुसरं. पहिल्यावर भांडण होत राहील. दुसरं आज मोजता येतं. फ्रेमवर्कचं यंत्र घेऊन उद्या कुणी त्या कंपनीचा निषेध केला, तरी यंत्र त्याचंच राहतं, आणि तो ते तिच्या मदतीशिवाय दुरुस्त करू शकतो. ज्या कंपनीशी भांडूनही तुमचं यंत्र चालू राहतं, ती मोकळी कंपनी. ही कसोटी मी इतर सगळ्यांना लावतो.

चार प्रश्न आणि सीलमपूर

म्हणून पुढचा लॅपटॉप घेताना, घरासाठी असो वा शाळेच्या टेंडरसाठी, दुकानदाराला चार प्रश्न विचारा. मला हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते का, आणि टाकल्यावर हमी टिकते का? बॅटरी, डिस्क आणि मेमरी मला बदलता येते का, की सगळं डाकलेलं आहे? दुरुस्तीची पुस्तिका आणि सुटे भाग खुलेपणाने मिळतात का? बायोसच्या सुधारणा किती वर्षं मिळतील, आणि लिनक्सवरून टाकता येतील का? उत्तर 'माहीत नाही' आलं तरी चालेल. शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार कंपनीला विचारतो. भारत सरकारने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आहे. त्याला बळ येईल तेही आपण विचारल्यानेच.

हे प्रश्न न विचारण्याची किंमत पाहायची असेल तर यमुनेपलीकडे सीलमपूरला जावं. देशातल्या जुन्या संगणकांचा मोठा ओघ तिथे येतो. गल्लीत बसून माणसं बोर्ड फोडतात, तारा जाळून तांबं काढतात, आणि त्या धुरात मुलं वाढतात. तिथे येणारं प्रत्येक यंत्र खरोखर मेलेलं नसतं. काहींना फक्त आपल्या हयातीत कुणी नवी प्रणाली टाकू दिली नाही, किंवा पाचशे रुपयांचा एक भाग मिळू दिला नाही.

तुमच्या कपाटातला तो जुना लॅपटॉप आज संध्याकाळी बाहेर काढा. महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा, काही पुसावं लागत नाही. वाय-फाय लागलं, आवाज आला, पडदा उजळला, तर त्या कंपनीने किल्ली तुमच्याकडे ठेवली होती असं समजा आणि पुढच्या खरेदीत तिला लक्षात ठेवा. नाही चाललं, तरी लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.